कार्ड आधीच काढून ठेवलं होतं

‘रीसेट मारून द्या’ म्हणत जे फोन माझ्या टेबलावर येतात, त्यातल्या बऱ्याच फोनांना रीसेटची गरजच नसते. कुणाचं पॉवर बटण आत रुतून बसलेलं असतं, म्हणून फोन आपोआप चालू-बंद होतो. कुणाचं स्टोरेज इतकं ठासून भरलेलं असतं की सिस्टिमला हातपाय हलवायला जागा नसते. कुणाच्या फोनात एखादंच ॲप धिंगाणा घालत असतं आणि सेफ मोडमध्ये तेवढं काढून टाकलं की काम झालं. अपडेटनंतर फोन मंद झाला म्हणून येणाऱ्यांना तर वाटतं, रीसेट केलं की जुनं अँड्रॉइड परत येईल. ते येत नाही. तुमचा डेटा पुसला जातो, व्हर्जन आहे तेच राहतं. हे सांगून सांगून माझी जीभ झिजली.

एक गृहस्थ आले तेव्हा मात्र रीसेट आधीच झालेलं होतं. त्यांची तक्रारही वेगळीच होती. फोन जुनं गूगल खातं मागतोय आणि नवा पासवर्ड घेत नाहीये, एवढंच. अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, हे कुलूप आहे. रिकव्हरीतून, म्हणजे बटणं दाबून उघडणाऱ्या फोनच्या दुरुस्तीच्या मेनूतून, फोन पुसला की तो आधीच्या खात्याची खात्री पटल्याशिवाय पुढे सरकत नाही. चोराला फोन पुसून विकता येऊ नये म्हणून केलेली ही सोय, आणि ती चांगलीच आहे. ‘कसंही करून बायपास करा’ म्हणणाऱ्यांना मी सरळ परत पाठवतो. यांच्याकडे बिल होतं, खातं त्यांचंच होतं. पासवर्ड आठवेना म्हणून त्यांनी तो त्याच सकाळी बदलला होता. पासवर्ड बदलल्यावर रीसेट करण्याआधी २४ तास थांबा, अशी गूगलची सूचनाच आहे. ती वाचतो कोण! उद्या या, म्हटलं, बहुतेक आपोआप सुटेल.

“काही घाई नाही,” ते म्हणाले. “फोटो सगळे मेमरी कार्डावर आहेत. कार्ड मी आधीच काढून ठेवलं होतं.” खिशातून एक छोटी झिपची पिशवी निघाली, आत कार्ड, वर पेनाने तारीख. असं नीटनेटकं गिऱ्हाईक क्वचितच येतं.

त्यांचं काम इमारतींच्या भेगांवर नजर ठेवण्याचं. भिंतीवरच्या ठरावीक खुणेपाशी पट्टी धरायची, फोटो काढायचा, काही आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा. एकट्या फोटोला किंमत नाही. भेग रुंदावतेय की जागच्या जागी आहे, हे मागचे सगळे फोटो शेजारी ठेवले तरच कळतं. मोबाइल डेटा जातो म्हणून क्लाउड बॅकअप बंद ठेवलेला.

कार्ड एकदा बघून घेऊ म्हणून मी ते रीडरमध्ये घातलं. कॉम्प्युटर म्हणाला, हे फॉरमॅट करावं लागेल. हात ताबडतोब माउसवरून काढला आणि पार्टिशनची, म्हणजे कार्डाच्या भागांची, यादी उघडली. सुरुवातीला १६ एमबीचा एक चिमुकला भाग, नाव अँड्रॉइड मेटा. उरलेलं अख्खं कार्ड अँड्रॉइड एक्स्पांड. माझ्या पोटात खड्डा पडला.

ज्यांचा याच्याशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अँड्रॉइड ६ पासून मेमरी कार्ड दोन तऱ्हांनी वापरता येतं. एक, पोर्टेबल: काढा, दुसरीकडे घाला, वाचा. दुसरी, इंटर्नल: फोन ते कार्ड आपल्या पोटातच घेतो, आधी फॉरमॅट करतो आणि १२८ बिटांच्या किल्लीने सगळं एन्क्रिप्ट करतो, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं करून टाकतो. ही किल्ली कार्डावर नसते. ती फोनच्या डेटा पार्टिशनमध्ये, व्होल्ड नावाच्या फोल्डरात असते. रीसेट नेमकं तेच पार्टिशन पुसतं. म्हणजे तिजोरी सुखरूप, पण किल्ली ठेवलेलं घरच जमीनदोस्त. कार्ड आत ठेवलं असतं तरी तेच, बाहेर काढलं तरी तेच. त्या पिशवीने काडीचाही फरक पडला नाही.

“पण हेल्पलाइनवाल्यांनीच सांगितलं, कार्ड काढून घ्या म्हणजे सेफ!” खरंच सांगितलं असणार. अपडेटनंतर त्यांचा फोन लोगोवर अडकला होता. समोरच्याने पडद्यावरचं वाचून दाखवलं: कार्ड काढा, पॉवर आणि व्हॉल्यूम एकत्र दाबा, रिकव्हरीत ‘वाइप डेटा’ निवडा. फोन सुरू झाला, तक्रार बंद. त्याच रिकव्हरीच्या यादीत, बऱ्याच फोनांत, ‘अप्लाय अपडेट फ्रॉम एडीबी’ (म्हणजे कॉम्प्युटरवरून अपडेट चढवा) अशी ओळ असते. केबल लावून, कंपनीचं अधिकृत अपडेट पॅकेज त्या वाटेने पुन्हा चढवता येतं आणि त्यात युजर डेटाला धक्का लागत नाही. लोगोवर अडकलेले फोन मी असे उठवलेले आहेत. दरवेळी जमतं असं नाही. मेमरीची चिपच गेली असेल तर काही उपयोग नाही. पण आधी हे करून बघायचं असतं. हेल्पलाइनच्या कागदावर ती ओळ नाही, कारण तिला वेळ लागतो आणि कॉम्प्युटर लागतो. रीसेटला फक्त गिऱ्हाइकाचा अंगठा पुरतो.

कार्ड इंटर्नल केलं कुणी, ते त्यांना ठाऊक नव्हतं. फोन १६ जीबीचा, घेतला तेव्हाच भरायला लागला, तेव्हा एकाने ‘जागा वाढवून दिली’ होती. माझ्याच धंद्यातला कुणीतरी. मला ही तऱ्हा माहीत आहे: पटकन दोन बटणं दाबायची, जागा वाढलेली दाखवायची, पुढचा फोन घ्यायचा. त्या वेळी पडद्यावर स्पष्ट लिहिलेलं येतं की हे कार्ड आता फक्त याच फोनमध्ये चालेल. ज्याचं कार्ड त्याने ते वाचलंच नव्हतं, कारण फोन त्याच्या हातात नव्हता.

आमच्या टेबलावरचा पोरगा म्हणाला, “दादा, रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून बघू या का?” कार्डाची कॉपी काढून त्याला लावू दिलं, त्यालाच कळावं म्हणून. एन्क्रिप्ट केलेल्या भागातून काय निघणार? जेपेगसारखे, म्हणजे फोटोच्या फाइलीसारखे, वाटणारे दोन-चार तुकडे निघाले, उघडले तर एकाही चित्राचा पत्ता नाही. अशा कार्डातून ‘सर्व फोटो परत’ म्हणून पैसे घेणाऱ्यांची मला मनापासून चीड आहे.

मग आम्ही दुसऱ्या बाजूने शोधायला लागलो. त्यांनी हे फोटो कुणाकुणाला पाठवले होते? मालकांना व्हॉट्सॲपवर. तिथे फोटो लहान होतो आणि त्याच्या आतली तारीख-वेळेची नोंद गळून पडते, पण समोरच्याच्या चॅटमध्ये मेसेजची तारीख राहते. पट्टीवरचे मिलिमीटर काही फोटोंत वाचता येत होते, काहींत नुसता पांढरा पट्टा. एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला मात्र ते फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचे. ते जसेच्या तसे मिळाले, आतल्या नोंदीसकट. एका इमारतीची मालिका जवळजवळ पूर्ण झाली. बाकीच्यांत मधले मधले महिनेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी खातं उघडलं. फोन सुरू झाल्यावर त्यांनी नवं कार्ड घातलं आणि फोनने तोच जुना प्रश्न विचारला. या वेळी त्यांनी चष्मा लावून सगळा मजकूर वाचला, मग पोर्टेबल निवडलं. जुनं कार्ड फॉरमॅट करून देऊ का विचारलं, तर म्हणाले, “राहू द्या. कधी काळी काही निघालं तर?” निघणार नाही, हे मी दोनदा सांगितलं. त्यांनी ते परत पिशवीत ठेवलं.

तेव्हापासून बंद पडलेला फोन आला की मी रीसेटचं नाव काढण्याआधी कार्ड रीडरमध्ये घालून ते १६ एमबीचं पार्टिशन आहे का बघतो. ‘तुमचं कार्ड इंटर्नल आहे का?’ असं विचारण्यात अर्थ नाही. उत्तर कुणालाच माहीत नसतं. आमचा पोरगा वैतागतो, म्हणतो हल्ली कितीतरी फोनांना कार्डाची खाचच नसते. बरोबर आहे त्याचं. पण ज्यांना आहे, त्यांच्यासाठी हेल्पलाइनवाले अजूनही कार्ड काढून घ्यायलाच सांगतात.