रमाबाईंनी पाहिलेले दोन दुष्काळ

मंगळवार, रात्र

घरच्या प्रार्थनेत आज बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय आला. परीक्षांना तोंड द्यावं लागतं तेव्हा आनंद माना, म्हणतो याकोब. आईचं डायलिसिस सुरू झाल्यापासून हे वचन वाचताना माझा आवाज अडखळतो. संकट आलं की विश्वास आपसूक वाढतो, असं मला वाटत नाही.

पंडिता रमाबाईंचंच बघा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, मोठी बहीण पाठोपाठ गेली. पुराण सांगत तीर्थं करणारं घर, उपासतापास, दानधर्म सगळं मनापासून केलेलं. त्या उपासमारीनंतर रमाबाईंची जुनी श्रद्धा हळूहळू उडाली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा. पदरात तान्ही मनोरमा. डॉक्टर व्हायचं म्हणून इंग्लंडला गेल्या, तर ऐकू कमी येतं म्हणून तेही राहिलं. तिथंच १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. या वेळी त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आल्या. पुण्याजवळच्या केडगावचं 'मुक्ती' हे आश्रयघर त्यांच्यासाठी उभं राहिलं. भूक काय असते, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मला वाटतं, प्रभूनं त्यांचं जुनं दुःख पुसलं नाही, कामाला लावलं. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी हिब्रू आणि ग्रीकवरून चाललेलं पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर त्यांनी सोडलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या.

आईच्या हातातल्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलीय तिथं, बोट ठेवलं की आत सतत थरथर लागते. मशीनला लावण्याआधी सिस्टर दर वेळी तीच तपासतात. मी नजर वळवते, आई मात्र शेजारच्या खाटेवरच्या काकूंशी बोलत असते. आज रिक्षात म्हणाली, "त्यांच्या मुलाची नोकरी गेलीय गं. आज प्रार्थनेत घे त्याला." स्वतःसाठी काहीच मागितलं नाही.

घेतलं. कितीतरी दिवसांनी मोठ्यानं प्रार्थना केली, आणि मध्येच कळलं की मुलाचं नावच माहीत नाही. गुरुवारी काकूंना विचारायचं आहे.