हॉस्टेल की फ्लॅट?

मावसबहिणीच्या पोरीला शिवाजी विद्यापीठात एमएस्सीला अ‍ॅडमिशन मिळाली आणि आठवडाभर आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच विषय चालूय, कॅम्पसवरच्या लेडीज हॉस्टेलला राहायचं की राजारामपुरीत मैत्रिणींबरोबर फ्लॅट घ्यायचा. ती म्हणे मामा, तू हॉस्टेलवाला, तूच सांग.

आता मी काय न्यूट्रल नाही. माझी दोन वर्षं हॉस्टेलवर गेलीत (कुठल्या ते सोडा, तिथल्या बाथरूमबद्दल लिहायला बसलो तर उगाच वाद). तिघांची रूम, लोखंडी कॉट, एकच पंखा आणि त्याचं वारं माझ्या कॉटपर्यंत कधी आलं नाही. बादलीवर नेलपेंटने रूम नंबर टाकला नाही तर बादली गेलीच समजा. माझ्या दोन गेल्या.

तरी तिला हॉस्टेलच सांगितलं. फ्लॅट म्हणजे 11 महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, डिपॉझिट, ब्रोकर, वर सिलिंडर संपला की कोणी आणायचा यावरून अबोला. हॉस्टेलला फक्त मेसवर चिडायचं, तेही सगळ्यांनी मिळून. प्रॅक्टिकल लांबलं तरी रिक्षा शोधत बसायचं नाही, चालत रूमवर. गेटच्या वेळेचा तिचा मुद्दा मात्र बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

दाजींचं म्हणणं, परवडतंय तर हॉस्टेल कशाला. म्हटलं दाजी, तुम्ही कोल्हापूरचे ना? शाहू महाराजांनी 1901 ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम, दलित मुलांसाठी मिस क्लार्क अशी रांगच लागली, कारण खेड्यातलं पोरगं शाळेत येईल हो, पण राहणार कुठं आणि जेवणार काय? विद्यापीठ तर 1962 चं, बोर्डिंगं त्याच्या साठ वर्षं आधीची. आजही तिथं कमवा आणि शिका योजनेत पोरं काम करून शिकतात. दाजी गप्प, नुसता अंगठा टाकला.

मग तिला एवढंच बजावलं, अ‍ॅडमिशन झाली त्याच दिवशी हॉस्टेलचा फॉर्म भर, यादी मेरिटवर लागते आणि नंतर जागा उरत नाहीत. अँटी-रॅगिंगचं हमीपत्र तुझं वेगळं, आईबाबांचं वेगळं, ते आधीच भरून ठेव.

काल रात्री फोन, दुसऱ्या यादीत नाव आलं. पहिला प्रश्न काय तर मामा, पाणी तापवायची कॉइल लपवायची कुठं.