आमची वाटचाल : लातूरच्या काळ्या खडकात

किल्लारीच्या भूकंपानंतर नव्याने वसलेल्या गावांत वडील हातपंप दुरुस्त करायचे. पुढे त्यांनी बोअर पाडायची जुनी गाडी घेऊन बोअरचं काम सुरू केलं. आज लातूर, औसा, निलंगा भागात घरगुती बोअर हेच आमचं मुख्य काम. फुटावर पैसे मिळणारा हा धंदा, तरी ‘आता थांबा’ हे सांगणंही आम्ही आमचं कामच मानतो.

त्याचं कारण जमिनीत आहे. इथे लाव्हाचे थर एकावर एक बसलेत. भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी 617 मीटर खोल बोअर घेतला, तेव्हा 338 मीटरपर्यंत हाच बेसाल्ट लागला. या खडकात पाणी सलग कुठेच नसतं. ते सापडतं वरच्या मुरमात, थराच्या माथ्यावरच्या सच्छिद्र खडकात (आम्ही त्याला मांजऱ्या म्हणतो), दोन थरांच्या सांध्यात. पहिल्या दोनशे फुटांत अशा जागा जास्त. पुढे भेग लागली तर लागली. म्हणून शेजाऱ्याला दोन इंच पाणी असलं तरी तुमच्या प्लॉटवर फुफाटाच उडू शकतो.

गाडी चालू झाली की आमची नजर बोअरमधून वर येणाऱ्या खडकाच्या चुरीवर. पाषाणात करडी भुकटी उडते. ती लालसर झाली की गेरूचा थर आला. हा थर पाणी सहजी खाली जाऊ देत नाही, त्यामुळे त्याच्या वरच्या अंगाला ओल मिळायची आशा. भुकटीचा चिखल व्हायला लागला की हवेच्या दाबाने बोअर साफ करून (फ्लश करून) पाणी मोजायचं. खाली जाणाऱ्या दर रॉडला (लोखंडी दांड्याला) चिमूटभर चुरी कागदाच्या पुडीत बांधून वर खोली लिहायची, ही वडिलांनी लावलेली शिस्त. त्या गल्लीत पुन्हा बोअर घ्यायची वेळ आली की आधी त्या पुड्या सोडून बघतो.

2016 मध्ये शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. त्या उन्हाळ्यात लोक आठशे-हजार फूट मागत होते. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्याने 60 मीटरपुढची, म्हणजे साधारण दोनशे फुटांपुढची विहीर ‘खोल’ धरली आहे. खोल बोअरमधून वरच्या सांध्यातलं पाणी खाली झिरपतं आणि शेजारचा आड कोरडा पडतो. हे गिऱ्हाइकाला पटवण्यात आमचा बराच वेळ जातो, आणि तो जायलाच हवा.

केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवायच्या पाइपच्या बाबतीत मात्र आम्ही ऐकत नाही. पाइप मुरूम संपून पक्का खडक लागेपर्यंत जाणार आणि बाहेरून सिमेंट भरणार. नाहीतर गटाराचं पाणी सरळ बोअरमध्ये उतरतं.

आता बोअरसोबत गच्चीचं पाणी जिरवायचं कामही घेतो. शंभर चौरस मीटर गच्चीवर 700 मिलिमीटर पाऊस पडला तर सत्तर हजार लिटर पाणी होतं. थोडं वाया गेलं तरी बाकीचं जमिनीत जातं. फिल्टरची जाळी मृगाच्या आधी साफ करायला आमचा माणूस येतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.