जुन्या ट्रेलरचं बाथरूम: नळाआधी पाइप बघा

साठ-सत्तरच्या दशकातले एअरस्ट्रीम किंवा शास्टासारखे ट्रॅव्हल ट्रेलर अमेरिकेत आजही रस्त्यावर दिसतात. गाडीमागे ओढत न्यायचं हे घर, आणि त्यातलं बाथरूम रेल्वेच्या डब्यातल्या संडासापेक्षा थोडंसंच मोठं. इथली प्लंबरची मजुरी परवडत नाही, त्यामुळे फिटिंग बदलायचं काम बरेच मालक स्वतःच करतात. सुरुवात बहुतेक जण नवा नळ आणण्यापासून करतात. खरं तर आधी कपाट उघडून नळाला पाणी कोणत्या पाइपातून येतंय ते बघायला हवं.

पाइप राखाडी प्लॅस्टिकचा असेल तर तो बहुधा पॉलिब्युटिलीन. १९७८ ते १९९५ या काळात इथे तो सर्रास वापरला गेला. पाण्यातल्या क्लोरीनने तो आणि त्याचे प्लॅस्टिकचे जोड आतून ठिसूळ होतात, बाहेरून मात्र काही कळत नाही. अशा लाइनवर नवा नळ चढवू नका, बाथरूमपुरता तरी सगळा पाइप काढा. त्याहून जुन्या ट्रेलरमध्ये तांबं असतं. पाणी आत राहून गोठलं की तांबं उभं फाटतं. शिवाय तांब्याचे जोड सांधायला १९८६च्या आधी दिलेल्या डागात (सोल्डरमध्ये) शिसं असण्याची शक्यता मोठी. जुना पितळी नळ कितीही देखणा असला तरी दात घासायच्या बेसिनवर तो नको. जानेवारी २०१४पासून इथे पिण्याच्या पाण्याच्या नळात शिशाचं सरासरी प्रमाण ०.२५ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही, जुन्या पितळात ते बरंच जास्त असू शकतं.

नव्या लाइनसाठी अर्धा इंची पेक्स, म्हणजे लवचिक प्लॅस्टिकचा पाइप, घ्या. आपल्याकडे भिंतीत घालतात तो सीपीव्हीसी इथे उपयोगाचा नाही: ट्रेलर सतत हादरतो आणि चिकटवलेला ताठ जोड तडकतो. पेक्स वाकतो, आत पाणी गोठलं तरी बऱ्यापैकी तग धरतो. त्याचा बाहेरचा व्यास अर्धा इंची तांब्याएवढाच, १५.९ मिमी. म्हणून दाबून बसवायच्या जोडाने जुनं तांबं आणि नवा पेक्स थेट जोडता येतात. फक्त तांब्याच्या टोकाची धार घासून काढा, नाहीतर आतली रबरी रिंग कापली जाते. पुन्हा हात पोचणार नाही अशा जागी मात्र स्टीलची आवळायची रिंगच वापरा. तिचं हत्यार समोरून एका हाताने चालतं. तांब्याच्या रिंगसाठी लांब दांड्याचं हत्यार लागतं, ते या कपाटात उघडतच नाही. पाइप काटकोनात कापा, रिंग टोकापासून ३ ते ६ मिमी आत ठेवा. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीतल्या भोकातून पाइप नेताना भोकाच्या कडेवर बसणारी रबरी रिंग (ग्रोमेट) घाला, नाहीतर प्रवासात ती कड पाइपाला करवतीगत कापत राहते.

बेसिनच्या नळाच्या दोन भोकांतलं अंतर बहुधा ४ इंच असतं, तरी मोजूनच घ्या. जोडनळीच्या नटात शंकूच्या आकाराचं वॉशर असेल तर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. पाणी वॉशर अडवतं, आटे नाहीत. सुतळी-सफेद्याची सवय असलेल्यांना हे पटत नाही, पण टेपच्या जाडीने वॉशर नीट बसत नाही आणि तिथूनच ठिबकतं. प्लॅस्टिकचा नट हाताने घट्ट करा, वर पाव फेरा पुरे. बेसिनच्या तळाच्या भोकात बसणाऱ्या जाळीखाली (वेस्ट कपलिंग), बेसिन एबीएस या कडक प्लॅस्टिकचं असेल तर, प्लंबर पुटीऐवजी सिलिकॉन भरा. पुटीतल्या तेलाने एबीएसला भेगा जातात.

संडास बदलताना आधी भांडं काढून भोवतालचं प्लायवुड टोच्याने टोचून बघा. टोच्या सहज आत गेला की लाकूड कुजलंय. तो भाग कापून नवा घातल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण कुजलेल्या लाकडात फ्लँजचे, म्हणजे भांडं खालच्या पाइपाला जोडणाऱ्या कड्याचे, स्क्रू धरत नाहीत. फ्लँजची वरची कड तयार जमिनीच्या साधारण ६ ते ११ मिमी वर हवी. घरच्या कमोडखाली मेणाची रिंग चालते. इथे उन्हाने मेण मऊ होतं, हादऱ्यांनी दबतं आणि पुन्हा फुगत नाही. भांड्यासोबत येणारं रबरी किंवा फोमचं सीलच घाला, दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. घरचा चिनीमातीचा कमोड बसवायचा मोह टाळा: दर फ्लशला ४.८ लिटर धरले तर ७५ लिटरची मैलाटाकी पंधरा फ्लशमध्ये भरते.

शॉवरखाली नेहमीच्या ट्रॅपला, म्हणजे वास अडवायला पाणी साठवणाऱ्या वाकड्या नळीला, जागाच नसते. तिथे पाणी न साठवणारा, आत लवचिक पडदा असलेला हेपव्हो ट्रॅप आडवा बसतो. त्यात हिंदकळून सांडायला पाणीच नसतं.

शेवटी दाब. गच्चीवरच्या टाकीतून १० मीटर खाली आलेल्या पाण्याला साधारण १४ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब असतो. इथल्या कॅम्पग्राउंडच्या (ट्रेलर मुक्कामाला लावायच्या जागेच्या) नळाला तो ८०च्या वरही जातो, म्हणून दाब ४५-५०वर रोखणारा रेग्युलेटर बाहेरच्या नळावरच लावा. गळती तपासायला नळ बंद ठेवून ट्रेलरचा पाण्याचा पंप चालू करा. दाब भरला की तो थांबतो. कुणी नळ न उघडता थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला, तर कुठेतरी गळतंय. प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू ठेवा, कोणता भिजला ते दिसेल. मगच भिंतीची फळी लावा, तीही चिकटवून नाही, स्क्रूने.