मिम्सचे मूर गुरुजी

केनेडी स्पेस सेंटर पाहायला फ्लोरिडात येणारी आपली माणसं टायटसव्हिलच्या आसपास फिरकतातच. रॉकेटं पाहून होतात, फोटो काढून होतात आणि गाड्या परत ऑर्लँडोच्या वाटेला लागतात. टायटसव्हिलच्या उत्तरेला अगदी लागून मिम्स नावाचं छोटं गाव आहे. हा सगळा पट्टा संत्र्यांच्या बागांसाठी नावाजलेला. मी लेकीला आधीच सांगून ठेवलं होतं, नातवाला रॉकेटं दाखव, पण मला मूर गुरुजींच्या घरी घेऊन चल.

हॅरी टी. मूर हे ब्रेव्हर्ड काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांची पत्नी हॅरियटही शिक्षिका. माझी निम्मी नोकरी शिक्षक संघटनेच्या तालुका शाखेची चिटणीस म्हणून गेली. वर्गणीच्या पावत्या फाडायच्या, निवेदनं लिहायची, शिक्षणाधिकाऱ्यांच्या दालनाबाहेर बाकावर बसून राहायचं. मूर यांच्याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा हा आपल्यातलाच माणूस आहे असं वाटलं आणि ते डोक्यातून गेलंच नाही.

फ्रीडम अव्हेन्यू नावाच्या रस्त्यावर आता त्यांच्या नावाचं उद्यान आणि संग्रहालय आहे. मूळ घर उरलेलं नाही. त्याच आवारात तसंच घर पुन्हा बांधलंय. लाकडी, बुटकं, जमिनीपासून थोडं उचललेलं. आपल्याकडच्या जुन्या शिक्षक वसाहतीतल्या क्वार्टरएवढंच. आत त्या काळचं फर्निचर मांडलंय. मी बराच वेळ बाहेरच उभी राहून जमीन आणि फरशी यांच्यामधली ती पोकळी पाहत होते. नातू वाकून आत डोकावला आणि म्हणाला, "आजी, इथे मांजर राहत असेल." त्याला तेव्हा काही सांगितलं नाही.

मूर यांचा जन्म १९०५ चा. वडील लहानपणीच गेले. शिकून कोको गावात शिक्षक झाले, १९२६ च्या नाताळात लग्न केलं. १९३४ मध्ये त्यांनी काउंटीत एनएएसीपीची, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या देशव्यापी संघटनेची शाखा काढली. पण पहिली मोठी लढाई पगाराची होती. तेच वर्ग, तीच पात्रता आणि कृष्णवर्णीय शिक्षकाचा पगार गोऱ्या शिक्षकापेक्षा कितीतरी कमी. फ्लोरिडातल्या कृष्णवर्णीय शिक्षकांच्या राज्य संघटनेला बरोबर घेऊन मूर यांनी दावा उभा केला. कोकोचे मुख्याध्यापक जॉन गिल्बर्ट वादी म्हणून पुढे आले. वकिलांमध्ये थरगुड मार्शल होते, जे पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. दक्षिणेच्या त्या कर्मठ पट्ट्यातला या प्रकारचा हा पहिलाच दावा.

दावा राज्याच्या कोर्टात हरला. गिल्बर्ट यांची नोकरी गेली.

संघटनेत काम केलेल्या कुणालाही कळेल, हा क्षण किती वाईट असतो. ज्यानं सही केली त्याच्या घरची चूल विझते आणि बाकीचे सगळे एकदम गप्प होतात. मूर यांचं मोठेपण मला इथे दिसतं. त्यांनी पत्रं लिहिणं थांबवलं नाही. त्या दाव्याच्या पाठोपाठ इतर काउंट्यांमधून दावे दाखल होत गेले आणि अखेर राज्यात पगार समान करावे लागले. स्वतःचा खटला हरूनही त्यांनी प्रश्न निकाली काढला.

लेकीनं विचारलं, "आई, पगार मिळाला ना? मग पुढे जिवावर का उठले लोक?"

कारण पुढे ते मताकडे वळले. दक्षिणेत तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवार निवड हीच खरी निवडणूक, आणि त्या निवडीत फक्त गोऱ्यांना मत देता यायचं. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे बेकायदा ठरवलं. मूर यांनी लगेच मतदार संघटना उभारली आणि गावोगाव, चर्चमागून चर्च फिरत सुटले. वाटेत कृष्णवर्णीयाला जेवायला हॉटेल मिळेल, उतरायला खोली मिळेल याची खात्री नसे. घरी टाइपरायटरवर पत्रकं तयार व्हायची आणि सगळं घर ती पाठवायच्या कामाला लागायचं. काही वर्षांत १,१६,००० कृष्णवर्णीय मतदार नोंदले गेले. पात्र असलेल्यांपैकी हे ३१ टक्के. दक्षिणेतल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात तेव्हा एवढं प्रमाण नव्हतं. मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव देशाला ठाऊक होण्याआधीची ही गोष्ट आहे. चळवळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोर्चे येतात. मूर यांची चळवळ पोस्टाच्या तिकिटांवर चालली, आणि माझा अनुभव असा की टिकणारं काम बहुतेक वेळा असंच होतं.

१९४६ मध्ये शाळा मंडळानं दोघांनाही कामावरून काढलं. नवरा-बायको दोघांची नोकरी एकदमच. मूर मग एनएएसीपीचे पगारी कार्यकर्ते झाले, पण तो पगारही वेळेवर मिळत नसे. १९४९ मध्ये संघटनेनं वर्गणी एका डॉलरची दोन डॉलर केली, फ्लोरिडातले सभासद भराभर गळाले, आणि त्याचा ठपका त्यांच्यावर आला. १९५१ च्या नोव्हेंबरात त्यांना पदावरून दूर केलं गेलं. हे वाचताना मला राग आला, आणि अजूनही येतो. आपल्याच माणसांनी हिशेबाच्या वहीवरून माणूस जोखावा, हे मी जवळून पाहिलेलं आहे.

त्याच महिन्यात फ्लोरिडातल्याच ग्रोव्हलँड गावचं प्रकरण टोकाला गेलं होतं. १९४९ मध्ये चार कृष्णवर्णीय तरुणांवर बलात्काराचा आळ आला. एकाला जमावानं पाठलाग करून मारलं, दोघांना फाशीची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. फेरसुनावणीसाठी नेताना शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलिसप्रमुख, विलिस मॅकॉलनं बेड्या घातलेल्या त्या दोघांवर गोळ्या झाडल्या. सॅम्युएल शेफर्ड जागीच मेला, वॉल्टर आयर्विन वाचला. शेरीफला निलंबित करा, त्याच्यावर खुनाचा खटला भरा, ही मागणी मूर यांनी लावून धरली.

२५ डिसेंबर १९५१. नाताळ आणि लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. रात्री सव्वादहाच्या सुमारास, मी पाहत होते त्या पोकळीत, त्यांच्या पलंगाच्या बरोब्बर खाली बॉम्ब फुटला.

परतताना मी लेकीला हायवे टाळून ४६ नंबरच्या रस्त्यानं सॅनफर्डकडे घ्यायला सांगितलं. हॅरियटच्या भावांनी गाडीत घालून त्यांना सॅनफर्डच्याच इस्पितळाकडे नेलं होतं. जवळजवळ पन्नास किलोमीटर. दोन्ही बाजूंना सपाट गवताळ, पाणथळ रानं, मध्ये सेंट जॉन्स नदी. दिवसाउजेडी चांगल्या गाडीतूनसुद्धा हा रस्ता संपता संपत नाही. मूर इस्पितळापर्यंत पोचू शकले नाहीत. हॅरियट नऊ दिवसांनी गेल्या. धाकटी मुलगी नाताळच्या सुट्टीला वॉशिंग्टनहून आगगाडीनं येणार होती. ती उतरली तेव्हा तिला ही बातमी कळली.

"कुणाला शिक्षा झाली?" लेकीनं विचारलं.

कुणालाच नाही. २००६ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलनं कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेतल्या चौघांची नावं जाहीर केली. चौघेही तोवर मेलेले होते. काउंटीच्या आजच्या न्यायालयाला मूर दांपत्याचं नाव आहे. शाळा मंडळानं २०२१ मध्ये दोघांना सन्मानानं पुन्हा शिक्षक म्हणून रुजू करून घेतलं. उशिरा का होईना, तो ठराव झाला याचं मला मोल वाटतं. बडतर्फीचा कागद रेकॉर्डवर तसाच राहणं म्हणजे काय, हे शिक्षकाला विचारा.

पुढच्या खेपेला टॅव्हेरसला जायचं ठरवलंय. ऑर्लँडोच्या वायव्येला तासाभरावर हे गाव आहे. ग्रोव्हलँडच्या त्या चौघांना २०१९ मध्ये माफी मिळाली, २०२१ मध्ये न्यायालयानं त्यांच्यावरचा कलंक पुसला, आणि तिथल्या जुन्या कोर्टासमोर त्यांचं स्मारक उभं आहे. नातू तोवर दोन इयत्ता पुढे गेलेला असेल. त्या वेळी त्याला सगळं सांगायचं, पोकळीसकट, असं आम्ही दोघींनी गाडीतच ठरवून टाकलं.