बाईंचं अंडं

आठवीच्या वर्षी जीवशास्त्राच्या बाईंनी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात बुटांच्या खोक्यात ४० वॅटचा बल्ब लावला आणि कापसावर चार गावठी अंडी ठेवली. शाळेत अंडी म्हणून कुजबुज झालीच, पण बाईंनी ती कानावर घेतली नाही. सकाळ-संध्याकाळ अंडी फिरवायचं काम माझ्याकडे होतं. त्यासाठी मी बडोद्याच्या खारीवाव रोडवरून रोज अर्धा तास आधी निघायची.

तिसऱ्या दिवशी बाईंनी कवचाला रुपयाएवढी खिडकी पाडली. पिवळ्या बलकावर लाल धाग्यांचं जाळं, आणि मधोमध एक ठिपका उडत होता. अख्खा वर्ग गप्प. मी विचारलं, "बाई, ह्याला चालू हो म्हणून कोण सांगतं?"

"सांगणारं जे असेल ते आतच असणार," बाई म्हणाल्या. "मला माहीत नाही. तू शोध."

शिक्षकाने "मला माहीत नाही" असं वर्गात म्हणणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. सयाजीराव विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं ते त्या वाक्यामुळे.

आता माझं काम उंदराच्या भ्रूणांवर चालतं. सुरुवातीला भ्रूण आईने बीजांडात भरून ठेवलेल्या शिदोरीवर जगतो. उंदरात दोन पेशी झाल्या की त्याची स्वतःची जनुकं जोमाने कामाला लागतात. माणसात हे साधारण चार ते आठ पेशींच्या वेळी घडतं. नेमक्या त्याच वेळी उंदराच्या भ्रूणात एक जुना विषाणू बोलू लागतो. लाखो वर्षांपूर्वी उंदराच्या पूर्वजांना लागण करून त्यांच्या डीएनएत कायमचा राहिलेला. त्याच्या टोकाचे तुकडे विजेच्या कळीसारखे, म्हणजे बटणासारखे, काम करतात, आणि शेजारची उंदराची जनुकं त्या कळीवर सुरू होतात. डक्स नावाचं प्रथिन ही कळ दाबतं, हे २०१७ साली कळलं. आपल्याही डीएनएचा सुमारे ८ टक्के भाग अशा जुन्या विषाणूंचा आहे.

त्याच्या आधीची गोष्ट मला जास्त प्रिय आहे. जीवशास्त्रज्ञ रुडॉल्फ येनिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना रक्ताचा कर्करोग करणारा विषाणू गर्भाशयात रुजण्याआधीच्या भ्रूणाला दिला. विषाणू डीएनएत शिरला, पण मुका राहिला. रुजल्यानंतरच्या भ्रूणाला दिला तेव्हा मात्र तो बोलला. कोवळा भ्रूण परक्या डीएनएवर मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक खुणा चढवून त्याचं तोंड बंद करतो, हे त्यांनी १९८२ साली दाखवलं. इतक्या लहान जिवाला एवढी समज! ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो बुटांचा खोकाच आला.

गेल्या दिवाळीत बाईंकडे दांडिया बाजारात गेले होते. विषाणूची कळ चालू झाली की हिरवी चमकेल अशी सोय केलेल्या दोन पेशींचा फोटो नेला होता. बाईंनी तो खिडकीपाशी नेला, चष्मा वर करून बराच वेळ पाहिला.

"पुढे ह्याला गप्प कोण करतं?"

मी सांगितलं: त्याच्या डीएनएची अक्षरं ओळखून धरणारी प्रथिनं आहेत, ती दुसऱ्या प्रथिनांना बोलावून तो भाग आवळून टाकतात.

"आणि वेळेवर गप्प नाही झाला तर?"

"डक्स जास्त वेळ चालू ठेवलं तर भ्रूण पुढे वाढत नाही, बाई."

"का?"

ते अजून नीट उलगडलेलं नाही. मी तसंच सांगितलं. बाईंनी नातीला हाक मारून कागद-पेन्सिल आणायला सांगितली आणि मला म्हणाल्या, "बस. पहिल्यापासून काढून दाखव."