हँडल मी वळवलं होतं

ऋषिपंचमी, रात्र

चार दिवस वहीला हात लावला नाही. दुकानात काम होतं हे खरं. महालक्ष्म्या तोंडावर आल्या की अख्ख्या तालुक्यातल्या बायांना एकाच आठवड्यात ब्लाउज हवं असतं, फॉल-पिको हवं असतं. पण कारण ते नाही. लिहायला बसलं की करीच्या दिवसापाशी येऊन हात थांबतो. आज लिहून काढते.

पोळ्याची कर होती, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. सकाळी गल्लीतून पोरं ओरडत गेली, रोगराई घेऊन जाय गे मारबत. मी नेहमीप्रमाणे तालुक्याला दुकानावर गेले आणि संध्याकाळी साड्यांची पिशवी पायाशी ठेवून स्कूटीवर परत निघाले. फाट्यावर आले तेव्हा सहाची एसटी नुकतीच गेली होती. फाट्यापासून गाव तीन किलोमीटर. दोन्ही बाजूंनी कपाशीची पऱ्हाटी, मध्ये एक नाला.

नाल्याच्या अलीकडे माणूस पडलेला होता. अंग गवतात, पाय डांबरावर. मी लांबूनच पाहिलं. स्कूटी हळू केली, हे मला पक्कं आठवतं. मग हँडल उजवीकडे वळवलं, त्याच्या पायांना टाळून पुढे गेले आणि वेग वाढवला.

मनात आलं ते असं: आज कर आहे, पेलेला असणार. करीला आमच्याकडे किती माणसं रस्त्याच्या कडेला अशी पडलेली असतात ते इथल्या कोणालाही विचारा. दुसरं मनात आलं, आपण बाईमाणूस, एकटी, सांज होत आली. तिसरं, पिशवीत लोकांच्या साड्या आहेत. यातलं एकही कारण खोटं नव्हतं, आणि म्हणूनच इतके दिवस मला त्यांचा आधार घेता आला.

घरी आले, हातपाय धुतले, चहा मांडला. मामाजी, माझे सासरे, ओसरीत बसले होते. त्यांनाही सांगितलं नाही की रस्त्यात एक माणूस पडला आहे. सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

रात्री नऊच्या सुमारास कळलं. नाल्यापलीकडच्या वस्तीतला माणूस होता तो. आठ दिवस झड लागली होती, त्या दिवशी उघाड पडली, म्हणून वावराच्या मालकानं करीच्या दिवशीसुद्धा फवारणीला बोलावलं. रोजापेक्षा पंपामागे पैसे मिळतात, तर याने दिवसभर पंपांवर पंप मारले. घराकडे निघाला आणि वाटेत कोसळला. पूर्ण अंधार पडल्यावर दूधवाल्याच्या गाडीच्या उजेडात तो दिसला. दूधवालाही आधी पेलेलाच समजला म्हणे. पण तो उतरला, वाकला, तर वास दारूचा नव्हता, औषधाचा होता. तोंडातून फेस, अंग घामानं ओलं. त्यानं गावातली मालवाहू गाडी बोलावली, १०८ ची वाट पाहिली नाही, आणि ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथून रात्रीच यवतमाळ.

वास यायला माणसाच्या जितकं जवळ जावं लागतं, तितकी मी गेलेच नाही.

तो जिवंत आहे. व्हेंटिलेटरवर होता, आज काढला असं मामाजींनी संध्याकाळी सांगितलं. ऐकून मी देवघरासमोर बसले आणि रडले. नंतर माझ्याच लक्षात आलं की त्या रडण्यात थोडा हिशेबही होता: तो वाचला, म्हणजे मी सुटले. पण कशी सुटले? तो वाचला तो दूधवाल्यामुळे. मी जे केलं ते तो मेला असता तरी तेवढंच होतं, तो वाचला तरी तेवढंच आहे. त्या रात्री दूधवाल्याला उशीर झाला असता, तर माझ्या वागण्यात काडीचाही फरक पडला नसता, आणि लोक मात्र मला वेगळं म्हणाले असते. लोकांना अजून माहीतच नाही म्हणा.

गणपतीला धाकटे दीर आले आहेत. यवतमाळला लॉ करतात. माझं नाव न घेता मी त्यांना विचारलं, भाऊजी, रस्त्यात पडलेल्याला कोणी मदत केली नाही तर तो गुन्हा होतो का? ते म्हणाले, वहिनी, ज्याच्या गाडीनं अपघात झाला त्याच्यावर जबाबदारी असते, आईबापावर असते, डॉक्टरवर असते. रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसावर आपल्याकडे नाही. फ्रान्समध्ये, जर्मनीत आहे. तिथे आपल्याला धोका नसताना संकटातल्या माणसाला सोडून गेलं तर शिक्षा होते. आपल्याकडे उलट बाजूनं कायदा केला. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलिसांनी छळू नये म्हणून २०१६ साली सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम घातलं गेलं. मदत करणाऱ्यावर आता ना दिवाणी दावा, ना फौजदारी, नावही सांगायची सक्ती नाही.

म्हणजे कायद्यानं एवढंच म्हटलं की मदत केलीस तर तुला भीती नाही. केली नाहीस तर काय, यावर तो गप्प आहे.

मग त्यांनी जे सांगितलं ते डोक्यातून जात नाही. आपली जुनी दंडसंहिता १८६० ची, पण तिचा पहिला मसुदा मेकॉले या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली १८३७ मध्ये तयार झाला होता. त्याच्या टिपांमध्ये हाच प्रश्न घेतलेला आहे. घरात अमाप पैसा असून जो आपल्या पायाशी माणसाला उपाशी मरू देतो, तो वाईट माणूस आहे, आपण ज्यांना कडक शिक्षा देतो त्यातल्या पुष्कळांपेक्षाही वाईट असेल, असं तिथे चक्क लिहिलं आहे. तरी शिक्षा नको, कारण रेघ कुठे मारायची? श्रीमंताला शिक्षा करायची तर थोडा कमी श्रीमंत असेल त्याला काय? कलकत्त्याचा एकच शल्यवैद्य एखादी शस्त्रक्रिया करू शकत असेल, तर त्यानं मेरठपर्यंत जायलाच हवं का? रेघ सापडत नाही म्हणून कायद्यानं हात आखडता घेतला. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, पण हा मुद्दा होता तिथेच आहे.

मला ते पटलं. कायदा सगळ्यांसाठी असतो, त्याला रेघ लागते. पण त्या नाल्याजवळ रेघ शोधायला अवघड कुठे होतं? तिथे मेरठ नव्हतं. तीन पावलं होती.

बाई म्हणून भीती वाटली, ती मी अजूनही चुकीची मानत नाही. माझ्या मुलीला मी उद्याही सांगेन की सांजेला एकटी अनोळखी माणसाजवळ थांबू नको. पण न थांबणं आणि काहीच न करणं या दोन्हींच्या मध्ये कितीतरी जागा होती. खिशात मोबाइल होता. १०८ लावायला गाडीवरून उतरावंही लागलं नसतं. पुलाच्या पुढे तिसऱ्याच घराच्या ओट्यावर माणसं बसलेली होती, त्यांना ओरडून सांगता आलं असतं. मामाजींना सांगितलं असतं तर ते काठी घेऊन स्वतः गेले असते. त्या तासाभरात भीती नाल्याजवळच राहिली होती. मी घरात चहा पीत होते.

आपल्या बोलण्यातच मला एक खोट दिसते. मदत केली तर आपण म्हणतो पुण्य केलं, उपकार केले. मग केली नाही तर? पुण्य हुकलं, एवढंच. जणू वरकमाई बुडाली. पण हेच गाव पाण्याबद्दल असं बोलत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना दारात येऊन कोणी पाणी मागितलं, तर दिल्याबद्दल कोणी माझा सत्कार करणार नाही. नाही दिलं तर मात्र सात पिढ्या काढतील. कोणाच्या घरी मयत झाली तर त्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारीण पिठलं-भाकर घेऊन जाते, ते उपकार नसतात. तिनं नेलं नाही तर ते लक्षात ठेवलं जातं. म्हणजे काही मदत आपण देणं लागतो त्या खात्यात मांडायची असते हे आपल्याला ठाऊक आहे. रस्त्यावर पडलेला माणूस त्या खात्यात कधी लिहिला गेला नाही, किंवा दारूचं नाव घेऊन आपणच तो खोडला.

आणि समजा पेलेलाच असता तर? पाय डांबरावर होते. अंधारात मागून ट्रॅक्टर आला असता तर? मी त्याचे पाय टाळले, म्हणजे ते रस्त्यात आहेत हे मला दिसलं होतं. मी काहीच केलं नाही असं स्वतःला सांगत होते, तेही खरं नाही. हँडल आपोआप वळत नाही.

मोबाइलवर रोज आजारी लेकरांचे व्हिडिओ येतात, पैसे पाठवा म्हणतात. तेही मी पुढे सरकवते. ते आणि हे एकच का? मन म्हणतं, नाही. सगळ्या जगाचं आपल्याच्यानं होत नाही, आणि ते व्हिडिओ लाखो लोक पाहतात. नाल्याजवळ त्या मिनिटाला मी एकटीच होते. तरी हे उत्तर मला पूर्ण पुरत नाही. दूरचं लेकरू दूर आहे यात त्याचा काय दोष? हे असंच सोडते, आज सुटत नाही.

बाबा आमट्यांची गोष्ट वरोऱ्याच्या बाजूला लहानपणापासून ऐकत आले. भर पावसात गटारात पडलेला महारोगी दिसला आणि त्यातून पुढे आनंदवन उभं राहिलं, इतकीच माझ्या लक्षात होती. पण ती गोष्ट तशी नाही. त्या महारोग्याला, तुळशीरामला, पाहून बाबा आधी पळाले होते. घाबरून घरी गेले होते. नंतर परत आले आणि तो जाईपर्यंत त्याची सेवा केली. या चार दिवसांत मी सारखी त्या मधल्या वेळाचा विचार करते आहे, पळाल्यापासून परत येईपर्यंतच्या. त्या वेळात त्यांनी स्वतःला काय म्हटलं असेल? मीही पळाले, इथपर्यंत आम्ही सारखे. नंतर मी चहा प्याले, वरण-भात केला.

आज ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून आज नांगराचं धान्य ताटात नव्हतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलांचे खांदे शेकले, हळद-तूप लावलं, कानात म्हटलं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. जुवाच्या घट्ट्यावर हात फिरवताना मामाजींचे डोळे दरवर्षी ओले होतात. पंपाचा पट्टा ज्याच्या खांद्यावर असतो त्याचा खांदा आम्ही कधी पाहिला? आमच्या वावरातही रोजानं फवारतात. २०१७ साली आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. त्या साली पऱ्हाटी डोक्यापर्यंत वाढली होती, औषधाचे तुषार सरळ तोंडावर येत. मालकांनी हातमोजे, मास्क द्यावे असं तेव्हा सगळेच म्हणाले. आम्हीही म्हणालो. आमच्या फवारणाऱ्या माणसाला मी डबा देते, चहा देते, पैसे वेळेवर देते. हातमोजे आजवर दिले नाहीत. तोंडाला बांधायला जुन्या ब्लाउजपीसचा तुकडा दिला होता एकदा, आणि मला बरंही वाटलं होतं. आता कळतं की ओला झालेला कपडा औषध अंगालाच धरून ठेवतो.

म्हणजे मी नाल्याजवळच पहिल्यांदा वळून गेले असंही नाही.

महालक्ष्म्या उठल्या, दुसरा दिवस

काल तो घरी आला. आज दुकान उशिरा उघडलं आणि वस्तीत गेले.

बाजेवर पडून होता. आवाज बसलेला, हात थरथरत होते. त्याची बायको मला ओळखते, दोन वर्षांपूर्वी तिच्या पोरीचा फ्रॉक मी शिवला होता. मला पाहून तिनं सतरंजी टाकली. म्हणाली, "बसा ना ताई, तुमी कायले आल्या एवढ्या दूर." मग स्वतःच सांगू लागली. दूधवाल्या भाऊंचं नाव घेतलं आणि हात जोडले. डॉक्टर म्हणाले होते म्हणे, अजून थोडा उशीर झाला असता तर श्वासच बंद पडला असता. सुया देऊन देऊन दंडावर जागा राहिली नव्हती.

मी ऐकत होते. निघताना दारात सांगायचं ठरवून गेले होते, पण दारापर्यंत थांबवलं नाही. म्हटलं, "बाई, मी त्या दिवशी तिथूनच गेली होती. मी पाहिलं होतं यांना. पेलेले असतील असं वाटलं मला, म्हणून थांबली नाही. कोणाला सांगितलंही नाही."

ती काही बोलली नाही. बाजेवरून त्यानं मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं, मग कुडाकडे.

खूप वेळानं तिनं विचारलं, "किती वाजले होते तवा?"

मला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "डॉक्टर सारखे विचारत होते, कवा पडला, किती टाइम झाला. कोनालेच माहीत नव्हतं. मालक म्हने पाचले वावरातून गेला. मी का सांगू?"

"सव्वासहा," मी म्हटलं. "सहाची एसटी गेली होती नुकतीच."

तिनं बोटांवर मोजलं. सव्वासहा, सात. दूधवाला आला तेव्हा साडेसात होऊन गेले होते. सवा तास. तिनं पुन्हा एकदा मोजलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि चुलीशी जाऊन चहाचं आधण ठेवलं. दोन कप मांडले, मग तिसरा काढला.